लाकडी जमिनीवर टाइल्स: मधला सिमेंट बोर्ड नेमका कसा बसवायचा?

नवा_गडी

नमस्कार मंडळी,

वरच्या मजल्यावरचं न्हाणीघर उकलून नव्याने करायला घेतलंय. जमीन लाकडी आहे. खाली तुळया, त्यांवर १८ मिमीचा प्लाय, आणि सगळ्यात वर व्हिनाइलची जुनी चादर (ती अजून काढायची आहे). तीन भिंती लाकडी चौकटीच्या, त्यांवर जिप्सम बोर्ड. चौथी विटांची. जमिनीला आणि शॉवरच्या भिंतींना टाइल्स लावायच्या आहेत.

मधे सिमेंट बोर्ड (टाइलखाली लावायचा सिमेंटचा कडक तक्ता) हवा यावर सगळ्यांचं एकमत. कसा बसवायचा विचारलं की जितकी तोंडं तितकी मतं. म्हणून विचारतो:

१. बोर्डाने जमीन मजबूत होते का? चालताना थोडी लवते.
२. बोर्डाखाली टाइलचं अ‍ॅडहेसिव्ह पसरायचं की नुसते स्क्रू पुरतात?
३. सांध्यांवर जाळीची पट्टी लावली नाही तर काय बिघडतं?
४. बोर्ड वॉटरप्रूफ असतो ना? मग वर पुन्हा वॉटरप्रूफिंग कशाला?

सुतारकाम थोडंफार येतं. टाइल्सचं काम पहिल्यांदाच करतोय.

तिखटमीठ

वाचतेय. हाच घोळ आमच्याकडेही व्हायचा आहे, तेव्हा जागा धरून ठेवते.

रानवारा

बोर्डाचं मग बोलू. ती व्हिनाइलची चादर किती जुनी आहे? जुन्या व्हिनाइल चादरींच्या पाठीच्या थरात आणि त्याखालच्या काळ्या चिकटद्रव्यात अ‍ॅस्बेस्टॉस (फुप्फुसाला घातक असा खनिज धागा) सापडतं. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांचंही तेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियाच्या लुडविग हाचेकने सिमेंटचे पातळ पत्रे काढले तेव्हा त्यांतला धागा अ‍ॅस्बेस्टॉसचाच होता आणि पुढे कित्येक दशकं तोच वापरात राहिला. वयाची खात्री नसेल तर खरवडू नका, घासू तर मुळीच नका. एक तुकडा ओला करून कापा, पिशवीत बंद करा आणि तपासायला द्या. निकाल येईपर्यंत खोलीचं दार लावून ठेवा.

नवा_गडी

बापरे. हे कुणीच सांगितलं नव्हतं. आधी तपासून घेतो.

पाणसळ

रानवारा यांना अनुमोदन. आता क्रमाने.

पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि लोक तोच सोडून देतात. जमीन लवत असेल तर सिमेंट बोर्ड ती थांबवणार नाही. ६ मिमीचा बोर्ड हातात आडवा धरून बघा, मधोमध लगेच झोक खातो. जमिनीच्या ताठपणात त्याचा वाटा जवळजवळ शून्य. त्याचं काम एवढंच की टाइलला धरायला असा पृष्ठभाग द्यायचा जो ओलीने फुगत नाही, कुजत नाही आणि ज्यावर सिमेंटचं अ‍ॅडहेसिव्ह पक्कं बसतं. प्लाय ओल पिऊन फुगतो, सुकला की आकसतो. टाइलला हे जमत नाही, म्हणून मग भेग पडते.

लवण्याचं माप ठरलेलं आहे. सिरॅमिक आणि पोर्सिलेन टाइलसाठी तुळईच्या मोकळ्या लांबीच्या ३६० व्या भागापर्यंत, दगडी फरशीसाठी ७२० व्या भागापर्यंत. म्हणजे ३.६ मीटरची तुळई भाराखाली मधोमध १० मिमीपेक्षा जास्त लवता कामा नये आणि वर संगमरवर येणार असेल तर ५ मिमीपेक्षा. वरचा आकडा वाचून ‘१० मिमी म्हणजे बरंच’ असं वाटतं, पण तो पूर्ण भाराखालचा आहे. नुसतं चालताना कपाटातली भांडी किणकिणत असतील तर तुम्ही त्या मर्यादेच्या आसपास किंवा पलीकडे आहात असं धरून चाला.

तेव्हा आधी खालून काम. तुळयांना बाजूने जोडतुळई बोल्ट करा, किंवा मधे आधार देऊन मोकळी लांबी कमी करा. दोन तुळयांमधल्या जागेत प्लाय लवत असेल तर प्लायचा दुसरा थर द्या. जमीन पार्टिकल बोर्डाची निघाली तर ती काढाच, त्यावर काही चढवू नका.

उचापती

पाणसळ, बाकी सगळं मान्य. पण बोर्डाखाली अ‍ॅडहेसिव्ह ही मला उधळपट्टी वाटते. वीतभर अंतराने स्क्रू मारल्यावर बोर्ड जाणार कुठे? वर पुढे कधी उकलायची वेळ आली तर प्लायसकट सगळं जातं. मी कित्येक ठिकाणी नुसत्या स्क्रूवर बसवलेले बोर्ड पाहिलेत, मजेत आहेत.

पाणसळ

उचापती, बोर्ड जाणार कुठेच नाही, हे बरोबर. धरून ठेवायला स्क्रू समर्थ आहेत. खालचं अ‍ॅडहेसिव्ह चिकटवायला नसतंच, ते पोकळी भरायला असतं.

प्लाय कधीच आरशासारखा सपाट नसतो. दोन तुकड्यांच्या सांध्याशी अर्ध्या मिमीचा उंचवटा, कुठे गाठीपाशी खळगा, कुठे जुन्या खिळ्याचं डोकं. त्यावर कडक बोर्ड ठेवला की तो उंचवट्यांवर टेकतो आणि खळग्यांवर पूल बांधतो. तुम्ही त्या जागी पाय दिला की बोर्ड केसभर खाली जातो आणि वर येतो. दिवसातून शेकडो वेळा. सिमेंट अशा हालचालीला कंटाळतं. आधी ग्राउट (टाइल्समधल्या फटींत भरलेला मसाला) एका सरळ रेषेत सुटतो, मग स्क्रूभोवतीचा बोर्ड भुगा होऊन स्क्रू कुरकुरायला लागतो, आणि शेवटी टाइल बद्द वाजते. वरून बघणाऱ्याला वाटतं टाइल वाईट होती.

बोर्ड बनवणाऱ्यांच्या सूचनापत्रकात जमिनीसाठी हा थर लिहिलेला असतो. ६ मिमी दात्यांची चौकोनी दातेरी थापी, एका वेळी एकाच बोर्डापुरतं पसरायचं, आणि त्यावर पापुद्रा धरायच्या आत बोर्ड ठेवून स्क्रू मारायचे. पहिला बोर्ड ठेवल्यावर एकदा उचलून बघा. पाठीवर सगळीकडे रेघा उमटल्या असतील तर थापी बरोबर आहे. मधे कोरडं बेट दिसलं तर तिथे प्लाय खोल आहे, थोडं जास्त भरा.

उकलताना त्रास होतो हे खरं. टाइल्सची जमीन उकलताना त्रास होतोच.

उचापती

बरं, पोकळी भरायची हे पटलं. मग नळीतला बांधकामाचा ग्लू चालेल का? बंदुकीने रेघा मारल्या की झालं, बादली-मिक्सरची भानगड नको.

पाणसळ

तो तर नुसत्या स्क्रूंपेक्षा वाईट. ग्लूच्या रेघा बोर्डाला उचलून धरतात आणि दोन रेघांमधे पोकळी कायम राहते. म्हणजे जी पोकळी भरायची ती आपणच बनवायची.

सुतारपक्षी

स्क्रूंबद्दल माझे दोन शब्द, कारण इथे सुतार लोक हमखास घसरतात.

जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू वापरू नका. ते बारीक आणि ठिसूळ असतात, कडक बोर्डात डोकं बसवताना मानेशी तुटतात आणि ओलीत गंजतात. सिमेंट बोर्डाचे वेगळे स्क्रू मिळतात. गंजरोधक लेप असतो, डोकं रुंद, आणि डोक्याखाली खाचा असतात, त्या खाचा बोर्डात स्वतःची जागा कोरून डोकं सपाटीला आणतात. ६ मिमी बोर्ड आणि १८ मिमी प्लायला ३२ मिमीचा स्क्रू पुरतो. तो प्लायच्या खाली थोडा बाहेर येईल, तेव्हा खाली पाण्याचा पाइप किंवा वायर प्लायला लगटून गेली नाही ना, एवढं आधी पाहून घ्या.

अंतर सगळीकडे साधारण २०० मिमी. कडेपासून १० ते १९ मिमी आत. कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंनी ५० मिमी सोडून, नाहीतर कोपरा तुटून हातात येतो. बोर्डाच्या मध्यापासून कडांकडे जा, म्हणजे फुगा अडकत नाही.

आणि ड्रायव्हरचा जोर कमी ठेवा. डोकं पृष्ठभागाशी सपाट आलं की थांबायचं. वरची काचतंतूंची जाळी फोडून डोकं आत गेलं तर त्या स्क्रूची पकड गेली. तो तिथेच राहू द्या आणि बोटभर बाजूला दुसरा मारा.

प्लाय तुळयांना जिथे धरलाय तिथे आधीच नीट घट्ट करून घ्या. बोर्डाचे स्क्रू मी मुद्दाम तुळईत जाऊ देत नाही. तुळई ऋतूप्रमाणे फुगते-आकसते, ती हालचाल थेट बोर्डात कशाला न्यायची?

अबोली

कापण्याबद्दल लिहिते, कारण ते कुणीच विचारत नाही आणि अर्धा वेळ त्यातच जातो.

बोर्ड सपाट जागी ठेवून त्यावर पोलादी पट्टी गुडघ्याने दाबून धरायची. कार्बाइडच्या टोकाची सुरी घ्यायची, साधं पातं दोन बोर्डांत बोथट होतं. पहिली ओढ हलकी, नुसती वाट पाडायला. दुसरी-तिसरी जोर लावून, जाळी तुटल्याचा ‘टर्र’ आवाज येईपर्यंत. मग रेघेखाली लाकडी पट्टी सरकवून बाहेरचा भाग खाली दाबायचा. एका झटक्यात मोडतो, पण तुकडा सुटून पडत नाही, पाठची जाळी त्याला लटकवून ठेवते. बोर्ड उभा करून ती जाळी मागून कापायची. कड खडबडीत येते, तिच्यावर जुनी कानस किंवा घासायचा दगड फिरवा. भिंतीकडची कड असेल तर तेवढीही गरज नाही, सगळं झाकलं जातं.

जाळीऐवजी सगळीकडून धागे मिसळलेला फायबर-सिमेंट बोर्ड असेल तर तोही रेघ मारून मोडतो, फक्त रेघ जास्त खोल लागते. त्याला कात्रीसारखं चालणारं विजेचं कटर मिळतं, धूळ फार कमी उडते.

नळाच्या भोकांना कार्बाइडचा गोल करवता. कमोडच्या मोठ्या भोकाला वर्तुळावर जवळजवळ भोकं पाडून हातोडीने मधला भाग उडवायचा आणि जाळी कापायची.

ग्राइंडरचा मोह होतो, कारण लोण्यासारखा कापतो. पण घरात लावू नका. या धुळीत स्फटिकी सिलिका असते. ती इतकी बारीक असते की डोळ्यांना दिसत नाही, फुप्फुसात बसते ती कायमची, आणि सिलिकोसिस बरा होत नाही. लावायचाच तर घराबाहेर, धूळ ओढणारा व्हॅक्यूम जोडून आणि एन-९५ मास्क घालून. तोंडाला रुमाल बांधणं म्हणजे फक्त समाधान.

तिखटमीठ

अबोलीताई, ‘टर्र’ आवाज वाचून अंगावर काटा आला, पण डोळ्यांसमोर नीट आलं. धन्यवाद.

एक बावळट प्रश्न. बोर्डाची कुठली बाजू वर?

अबोली

बावळट अजिबात नाही. जाळीच्या बोर्डाला एक बाजू गुळगुळीत, एक खरखरीत असते. सिमेंटच्या अ‍ॅडहेसिव्हला खरखरीत बाजू वर. फायबर-सिमेंटवर बनवणाऱ्याने बहुधा स्क्रूंच्या खुणा छापलेल्या असतात, ती बाजू वर. अंतर मोजत बसायला नको हा वर फायदा.

उचापती

प्र का टा आ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

पाणसळ

मांडणी आणि सांधे राहिले.

बोर्ड कोरडे मांडून घ्या, नंबर घाला, मग उचलून एकेक पक्का करा. मांडताना विटांच्या रद्द्यासारखे सांधे सरकते ठेवा. चार कोपरे एका जागी येऊ देऊ नका. बोर्डाचा सांधा प्लायच्या सांध्यावर येऊ देऊ नका, निदान २०० मिमी तरी लांब ठेवा. दोन बोर्डांत ३ मिमी फट आणि भिंतीशी ६ मिमी. भिंतीची फट मोकळीच राहते. तिच्यात अ‍ॅडहेसिव्ह पडलं तर काढा. जमिनीला सरकायला तेवढीच जागा आहे. ती भरली तर हालचाल टाइल्सच्या मधल्या ग्राउटमधे बाहेर पडते. वरून टाइलच्या आणि भिंतीच्या कोपऱ्यात सिलिकॉन येतं, ग्राउट नाही.

आता जाळी. दोन बोर्डांमधली फट म्हणजे तयार भेगेची जागा. फटीत अ‍ॅडहेसिव्ह दाबून भरायचं, वर ५० मिमी रुंदीची जाळीची पट्टी, तिच्यावर पुन्हा अ‍ॅडहेसिव्ह ओढून सपाट करायचं. दोन्ही बोर्ड एक तुकडा असल्यासारखे वागतात. पट्टी क्षाररोधक काचतंतूंचीच हवी, पुडक्यावर तसं लिहिलेलं असतं. जिप्सम बोर्डाच्या सांध्यांची पिवळी-पांढरी पट्टी दिसायला तशीच, पण सिमेंटमधला क्षार तिला खाऊन टाकतो. काही महिन्यांनी तिथे पट्टी नसल्यासारखीच असते.

एक युक्ती. पट्टी आदल्या दिवशी लावून ठेवली तर तिथे कडक उंचवटा तयार होतो आणि दुसऱ्या दिवशी त्यावर टाइल डुगडुगते. मी टाइल्स पुढे सरकत जातात तसतशी पट्टी लावतो, ओल्यात ओलं. पट्टीचा थर आणि टाइलचा थर एकच होऊन जातो. भिंतीवर वॉटरप्रूफिंगचा लेप द्यायचा असेल तर मात्र आदल्या दिवशीच लावून सुकू द्यावी लागते. तिथे थर अगदी पातळ ओढा.

निळी_शाई

चौथ्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही, म्हणून मी घालते.

बोर्ड वॉटरप्रूफ नसतो. पाण्याने त्याचं काही बिघडत नाही आणि पाणी त्यातून आरपार जातं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. एक तुकडा बशीत उभा ठेवा, ओल वर चढताना दिसेल. सिमेंटचा ग्राउटही पाणी पितो. म्हणजे शॉवरचं पाणी टाइलच्या सांध्यातून बोर्डात आणि बोर्डातून मागच्या लाकडी चौकटीत. बोर्ड ठणठणीत राहतो, चौकट कुजते.

अडवायच्या दोन जागा आहेत. एक, बोर्डाच्या मागे, चौकटीवर पॉलिथिनची चादर, खालची कड शॉवर ट्रेच्या (शॉवरखाली बसवायचा तयार उथळ तळ) ओठावरून आत उतरलेली. झिरपलेलं पाणी चादरीवरून घसरून ट्रेत येतं. दुसरी, बोर्डाच्या पुढे, रबरासारखा होणारा द्रव लेप, दोन थर, कोपऱ्यांत आणि सांध्यांवर कापडाची पट्टी दाबून. यांतलं एकच निवडा.

उचापती

एकच का? दोन्ही केले तर दुप्पट सुरक्षित ना?

निळी_शाई

पुढचा लेप आणि मागची चादर यांच्या मधे बोर्ड कोंडला जातो. एखाद्या स्क्रूपाशी, नळाच्या भोकापाशी थेंब आत गेला की तो सुकायला वाट नाही, ना पुढून ना मागून. म्हणून एकच.

मी पुढचा लेप घेईन. पाणी बोर्डात शिरतच नाही, टाइलच्या मागेच अडतं, आणि भिंत शॉवर झाल्यावर लवकर सुकते. चादरीच्या पद्धतीत बोर्ड दर वेळी भिजतो आणि सावकाश सुकतो. लेपात एक दक्षता हवी, जाडी. पुडक्यावर किती जागेला किती लिटर ते लिहिलेलं असतं. डबा त्यापेक्षा जास्त पुरला तर थर पातळ गेलाय. पहिला थर उभा, दुसरा आडवा मारला की राहून गेलेल्या जागा दिसतात.

सुतारपक्षी

भिंतीबद्दल आणखी. तिथे १२ मिमीचा बोर्ड, स्टड (चौकटीचे उभे दांडे) ४०० मिमीवर, स्क्रू २०० मिमीवर. खाली अ‍ॅडहेसिव्हचा थर नाही, तो फक्त जमिनीला. जिप्सम बोर्ड काढून थेट चौकटीवर लावायचा, त्याच्यावर चढवायचा नाही. १२ मिमीचा ३ बाय ५ फुटी बोर्ड १५ ते २० किलो भरतो, एकट्याने भिंतीला धरून स्क्रू मारणं म्हणजे कसरत. खाली ठोकळे ठेवून त्यांवर टेकवा. ठोकळे ६ मिमी उंचीचे घेतले की ट्रेच्या ओठावर हवी ती फट आपोआप मिळते. बोर्ड ट्रेला टेकला की खालून पाणी शोषायला लागतो.

ती विटांची भिंत तशीच राहू द्या. पक्कं प्लास्टर असेल, ओळंब्यात असेल, तर टाइल थेट तिच्यावर लागते. काँक्रीटच्या जमिनीचंही तेच, तिच्यावर सिमेंट बोर्ड लावायचं काहीच कारण नाही. लोक लावतात खरे.

जिथे विटांची भिंत आणि बोर्डाची भिंत मिळतात त्या कोपऱ्यात दोन वेगळ्या चालीचे पदार्थ भेटतात. तिथे लेपात कापड नक्की घाला आणि टाइलच्या कोपऱ्यात सिलिकॉन.

रानवारा

एक वेगळा सूर लावतो. जमिनीला सिमेंट बोर्डच का? विलगन चटई म्हणून प्लास्टिकची खळगेदार चादर मिळते, ३ मिमीच्या आसपास जाडीची. अ‍ॅडहेसिव्हवर चिकटवायची, वर पुन्हा अ‍ॅडहेसिव्ह आणि टाइल. स्क्रू नाहीत, धूळ नाही, ओझं नाही, सुरीने कापते. प्लाय सरकला तरी टाइलला त्याचा झटका बसत नाही. वरच्या मजल्यावर बोर्ड चढवायचे श्रम वाचतील.

पाणसळ

चांगली वस्तू आहे, मीही वापरतो. एवढंच की जमीन लवणं तिनेही थांबत नाही, आणि प्लाय सपाट हवाच. बोर्डाखालचा थर जो थोडाफार खळगा गिळतो, ती चटई तितका गिळत नाही. नवशिक्याला बोर्ड जास्त माफ करतो असं माझं मत. भिंतीला तर बोर्ड किंवा फोमचा बोर्ड हवाच.

नवा_गडी

मंडळी, दंडवत. तपासणी झाली, चादर स्वच्छ निघाली. खालून दोन तुळयांना जोडतुळया दिल्या, आता कपाट किणकिणत नाही. बोर्ड कोरडे मांडून झालेत.

तीन शंका. बोर्डावर टाइल लावण्याआधी तो भिजवायचा का? ६०० बाय ६०० मिमीची टाइल घेतली आहे, चालेल ना? आणि शॉवरची जमीन टाइलचीच करावी असं आता वाटतंय, ट्रेऐवजी. तिथे उतार देऊन बोर्ड तिरका बसवला तर?

पाणसळ

भिजवू नका, ओला स्पंज फिरवा. धूळ जाते आणि बोर्डाची तहान थोडी भागते. नाहीतर तो अ‍ॅडहेसिव्हमधलं पाणी लगेच ओढतो आणि टाइल ठेवेपर्यंत वर पापुद्रा येतो. पाणी साचलेलं नको.

६०० ची टाइल चालेल, पण मोठ्या टाइलला जमीन जास्त सपाट लागते. ३ मीटरच्या पट्टीखाली ३ मिमीपेक्षा जास्त फट नको. लहान टाइलला ६ मिमी खपून जातात. पट्टी सगळ्या दिशांनी फिरवा, कोपऱ्यातून कोपऱ्यातही. अ‍ॅडहेसिव्हच्या पोत्यावर युरोपीय खूण असेल तर सी२ बघा, प्लाय-बोर्डाच्या जमिनीला एस१ जोडलेलं असेल तर उत्तम. ते थोडी लवचीकता दाखवतं. कालवलं की पाच-दहा मिनिटं बादलीत मुरू द्या, पुन्हा फिरवा, आणि नंतर घट्ट झालं म्हणून पाणी ओतू नका. डब्यातला तयार लगदा न्हाणीघरात आणूच नका, मोठ्या टाइलखाली तो सुकतच नाही आणि ओलीत पुन्हा मऊ पडतो.

तिरका बोर्ड नको. शॉवरच्या तळाला बोर्ड घातला की तो कायम ओला राहतो, त्याच्या सांध्यांचा आणि स्क्रूंचा भरवसा नाही. तिथे सिमेंट-वाळूचा घट्ट थर ढाळ देऊन घालतात, मीटरला २० मिमी उतार, आणि लेप किंवा चादर त्याच्यावर. लाकडी जमिनीवर हे प्रकरण वजनाचं आणि जाळीचं आहे, निचऱ्याच्या तोंडाची जोडणी त्याहून नाजूक. पहिल्याच कामात ट्रे घ्या असं माझं स्पष्ट म्हणणं.

निळी_शाई

ट्रेबद्दल +१.

नवा_गडी

ट्रेच घेतो. पहिली टाइल ठेवल्यावर ती बरोबर बसलीय हे कसं कळणार?

पाणसळ

उचलून. टाइल ठेवा, दातांच्या रेघांना आडवी मागे-पुढे सरकवून दाबा, आणि लगेच उपटा. न्हाणीघरात पाठीचा ९५ टक्के भाग माखलेला हवा, कोरड्या खोलीत ८० चालतो. रेघा मोडून सपाट झालेल्या दिसल्या पाहिजेत. अजून उभ्या असतील तर थापी मोठ्या दातांची घ्या आणि टाइलच्या पाठीलाही पातळ हात मारा. रेघा सगळ्या एकाच दिशेने ओढा, गोल गोल नको, त्यात हवा अडकते. दर काही टाइल्सनंतर एखादी पुन्हा उचलून बघत जा.

सुतारपक्षी

उंचीचा हिशेब केलात का? बोर्डाखालचा थर ३, बोर्ड ६, वरचं अ‍ॅडहेसिव्ह ४, टाइल ९ किंवा १०. म्हणजे जमीन २२-२३ मिमी वर येणार. दार खालून कापावं लागेल, ते आधी उतरवा. चौकटीच्या पट्ट्या खालून करवतीने कापल्यात तर टाइल त्यांच्या खाली सरकते, गोलाई कापत बसायला नको. कमोडच्या पाइपाचं कडं नव्या जमिनीवर बसलं पाहिजे, तेव्हा प्लंबरला टाइलची जाडी आत्ताच सांगा.

नवा_गडी

दाराचं लक्षात होतं, कड्याचं नव्हतं. उंबऱ्याशी बाहेरच्या लाकडी जमिनीला मिळतं तिथे पायरी येईल. पट्टी नंतर चिकटवली तर चालेल?

सुतारपक्षी

उतरती धातूची पट्टी आणा, आणि आधी आणा. तिचा भोकं पाडलेला पंख टाइलच्या खाली अ‍ॅडहेसिव्हमधे दाबला जातो, नंतर घालता येत नाही. घेताना टाइलचा तुकडा सोबत न्या, पट्टीची उंची टाइलच्या जाडीवर ठरते.